हातघाईचा की हातघाईच्या?

भाची पहिल्यांदा ‘मेले’ म्हणाली तेव्हा आई स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर आली. “कोण मेले गं?” कुणी नाही, इंग्रजीत त्याचा अर्थ हातघाईची लढाई, असं समजावून तिला परत पाठवलं. पुढे काही महिन्यांनी त्याच टेबलावर खरंच कुणीतरी मेलं आणि त्याला कारण माझं वाचन होतं.

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. हैदराबादला आमच्या घरी दर शनिवारी सोळा वर्षांची भाची आणि तिचे तीन मित्रमैत्रिणी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला जमायचे. एकाच्या घरी तेलुगू, एकीच्या घरी दखनी, तिसऱ्याच्या घरी मलयाळम. आम्हा दोघींची मराठी. नियमांचं पुस्तक मात्र इंग्रजी, तीनशेहून अधिक पानांचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला, पटावरच्या लुटुपुटूच्या युद्धांतून. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. गोष्ट पुढे नेणारा तो डन्जन मास्टर. नियम धूसर असेल तिथे त्याचा शब्द अखेरचा. “तू भाषांतर करतेस ना, मग नियम तूच वाच,” असं म्हणून मुलांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं होतं. मला ते आवडतही होतं.

भाचीचं पात्र पॅलाडिन होतं, म्हणजे शपथेनं बांधलेली योद्धा. निराधाराला रिकाम्या हातानं परतवायचं नाही, ही तिची शपथ तिनं स्वतःच लिहिली होती. त्या शनिवारी कैदेतून सुटलेल्या एका पोराला तिनं आपली तलवार देऊन टाकली. बाकीचे तिघं तुटलेल्या पुलापलीकडे अडकलेले आणि हिच्यासमोर एक पिशाच्च. त्याचे अकरा गुण उरलेले. तिनं ठोसा मारला. फासा चांगला पडला, ठोसा लागला. ठोशाचे चार गुण गेले, सात राहिले.

“मी डिव्हाइन स्माइट वापरते,” ती म्हणाली. हा पॅलाडिनचा दैवी प्रहार. वार लागल्यावर आपल्याकडची मंत्रशक्ती खर्च करून त्यात जास्तीची इजा भरायची. पिशाच्चाविरुद्ध आठ बाजूंचे तीन फासे मिळतात. बेरीज सात झाली असती तरी पुरे होतं.

मी म्हटलं, थांब. पुस्तक उघडलं.

2014 च्या त्या पुस्तकात हा प्रहार ‘मेले वेपन अटॅक’ लागल्यावर करता येतो. तीन शब्द शेजारी शेजारी, मध्ये एकही प्रत्यय नाही. संस्कृत समासासारखं आहे हे, विग्रह वाचणाऱ्यानं करायचा. मराठीत आणताना तशी पळवाट नाही. ‘हातघाईचा शस्त्रवार’ म्हटलं तर हातघाई वाराला लागते. ‘हातघाईच्या शस्त्राचा वार’ म्हटलं तर शस्त्राला. अगदी लहानसा फरक, पण दुसऱ्या अर्थात हातात शस्त्र लागतंच आणि पहिल्यात ते लागेलच असं नाही. त्या नियमांत शस्त्रवार म्हणजे मंत्रानं न केलेला वार. त्यामुळे पहिला विग्रह खरा. ठोसासुद्धा ‘मेले वेपन अटॅक’ म्हणून मोजता येतो, असं लढाईच्या प्रकरणात स्पष्टच आहे. भाचीनं ते पान आधीच काढून ठेवलं होतं.

पण मी पुढचं वाचलं. प्रहाराची इजा ‘शस्त्राच्या इजेखेरीज’ मिळते, असं तिथे म्हटलं आहे. मूठ हे शस्त्र नव्हे. पहिल्या छपाईत ठोसा शस्त्रांच्या तक्त्यात होता, पुढे शुद्धिपत्रानं तो तिथून काढला. मी हेही सांगितलं. मग चेव येऊन मीमांसकांपर्यंत पोचले. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या या सहा प्रमाणांत समाख्या, म्हणजे नावावरून काढलेला अर्थ, सगळ्यांत दुबळा. चार मुलं माझ्याकडे बघत होती. भाची फक्त एवढंच म्हणाली, “तलवार तिनं शपथेसाठी दिली गं.”

“मला कळतंय,” मी म्हटलं. “पण पुस्तकात नाही.”

पिशाच्चानं पुढच्याच वारात तिला पाडलं. कोसळलेल्या पात्राला दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. दहा किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. तीन अपयशं आधी झाली की संपलं. तिला सात पडले, मग चार, मग नऊ. तिनं पात्राचा कागद नीट चार घड्या घालून दप्तरात ठेवला. जाताना म्हणाली, “छान झाला खेळ, मावशी.” आमच्या घरात कुणी मावशीशी इतकं सभ्य बोलत नाही. पुढचे दोन शनिवार ती आली नाही.

नंतर या खेळाच्या कर्त्यांनी दिलेली अधिकृत उत्तरं वाचनात आली. ठोशावर दैवी प्रहार चालतो का? उत्तर होतं, नाही. कारणही माझंच, शस्त्राच्या इजेचं. मला बरं वाटलं, पण उत्तर तिथे संपत नव्हतं. डन्जन मास्टरनं परवानगी दिली तरी खेळाचा तोल बिघडत नाही, असं पुढे म्हटलं होतं. शस्त्राची अट तोलासाठी घातलेलीच नव्हती. पॅलाडिन म्हटलं की हातात शस्त्र, एवढ्या चित्रासाठी ती होती.

मग मला एक जुनं मृत्युपत्र आठवलं. हैदराबादेतल्या एका मराठी घरासाठी मी ते इंग्रजीत केलं होतं. घर ‘कुटुंबाकडे’ राहावं, असं त्यात होतं. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायकोही. लिहिणाऱ्याच्या मनात घरचे सगळे होते की एकटी ती? मी एक अर्थ मजकुरात घेतला, दुसरा तळटीपेत दिला आणि दोन्ही वकिलांच्या हवाली केले. निवाडा करायचा हक्क माझा नव्हता. तळटीप हा भाषांतरकाराचा प्रामाणिकपणा असतो, असं मी आजही मानते.

पण टेबलावर मी भाषांतरकार नव्हते. तिथे तळटीप देऊन भागत नाही, हो किंवा नाही म्हणावं लागतं आणि ते म्हणायचा हक्क त्याच पुस्तकानं मला दिलेला होता. मी मात्र पुस्तकामागे उभी राहिले. वाचन चुकलं नव्हतं. निर्णय माझा असताना तो माझा नाही असं भासवलं, ते चुकलं.

2024 मध्ये नियमांचं नवं पुस्तक आलं. दिवाळीला भाची पुण्याहून आली ती ते घेऊनच. आता तिचा स्वतःचा गट आहे, तीच डन्जन मास्टर. फराळाच्या ताटाशेजारी तिनं पान उघडलं. दैवी प्रहार आता मंत्रांमध्ये गेला आहे आणि शस्त्रासोबत ठोशाचंही नाव तिथे स्पष्ट छापलेलं आहे.

“म्हणजे मी चुकले होते,” मी म्हटलं.

“नाही गं. तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे तू बरोबरच होतीस.” तिनं चकलीचा तुकडा मोडला. “पण तू म्हणालीस, पुस्तकात नाही. पुस्तकाशी मी काय भांडणार? ‘मी देत नाही’ म्हणाली असतीस, तर तुझ्याशी भांडले असते की.”

मी विचारलं, तुझ्या टेबलावर असं काही अडलं तर काय करतेस? ती म्हणाली, “आधी मी काय ठरवलं ते सांगते. मग पुस्तक उघडते.”

आमचा शनिवार अजून चालू आहे, मुलं नवीन आहेत. परवा एकीनं भाल्याबद्दल काहीतरी अडचणीचं विचारलं. हात सवयीनं पुस्तकाकडे गेला. तो मागे घेतला आणि म्हटलं, “मी नाही म्हणतेय.”

ती लगेच भांडायला लागली.