खोडलेली ओळ

कोयलीला आमच्या घराच्या गच्चीवरून रात्री रिफायनरीची ज्योत दिसते. १९६५ साली येथे तेलशुद्धीकरण सुरू झाले, त्याच सुमारास वडील नोकरीला लागले आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे अर्धे घर इकडे आले. मी जवळच्याच एका गुजराती माध्यमाच्या हायस्कुलात मुख्याध्यापक आहे. घरात मराठी, शाळेत गुजराती आणि वरून येणारे परिपत्रक इंग्रजीत, असा आमचा दिवस जातो. दोन भाषांच्या उंबरठ्यावर संसार करणाऱ्या आपणा वाचकांना याचे नवल वाटायचे कारण नाही.

यंदा आषाढात न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, वंशावळ हलवायची आहे."

मला आधी वाटले, माळ्यावरची ट्रंक हलवायची आहे. पण गोष्ट वेगळी होती. २०११ साली त्याने एका संकेतस्थळावर आमच्या घराण्याची वंशावळ भरली होती. ते संकेतस्थळ आता बंद होणार होते. ठरलेल्या मुदतीत सारे उचलून दुसऱ्या सेवेकडे न्यायचे होते. "फाईल उतरवून घेतली की झालं," तो म्हणाला, "फक्त नावं तुम्ही तपासून द्या."

मास्तराला कोणी तपासायला दिले की तो नाही म्हणत नाही. ही फाईल म्हणजे काय, ते मी प्रथम समजून घेतले. एका ठिकाणची वंशावळ दुसऱ्या ठिकाणी नेता यावी म्हणून अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ साली 'गेडकॉम' नावाची एक पद्धत तयार केली. आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, त्यापुढे नाव, जन्म, मृत्यू, आणि कोण कोणाचे अपत्य याची नोंद. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरासारखाच प्रकार. जुन्या पद्धतीच्या फाईलबरोबर छायाचित्रे मात्र येत नाहीत, ती कोठे ठेवली आहेत तो पत्ता तेवढा येतो. घरच पाडले तर पत्ता घेऊन काय करायचे? म्हणून पुतण्याने छायाचित्रे एकेक करून वेगळी उतरवून घेतली.

तारखांची तर गंमतच आहे. या पद्धतीत ज्यू पंचांगाला जागा आहे, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जेमतेम बारा वर्षे चाललेल्या पंचांगालाही आहे, पण आपल्या शालिवाहन शकाला नाही. आमच्या जुन्या नोंदी शकातल्या. त्यात ७८ मिळवायचे आणि तिथी जानेवारी ते फाल्गुन यांमधली असेल तर ७९. काही नोंदी गुजराती संवतातल्या. तो बदलतो कार्तिकात, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि पुढे आश्विनापर्यंत ५६. मी पुतण्याला बजावले, "इसवी सन लिही, पण मूळ तिथी टिपणात जशीच्या तशी ठेव. आपलं उत्तर चुकलं, तरी पुढच्या माणसाला मूळ गणित सापडलं पाहिजे."

तसे पाहिले तर आमची वंशावळ काही पहिल्यांदाच हलत नव्हती. पणजोबा गायकवाड सरकारात कारकून. त्यांनी मोडीत एक लांबलचक गुंडाळी लिहिली होती. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुलांना मोडी वाचता येईना, म्हणून त्याच वर्षी आजोबांनी ती गुंडाळी बालबोधीत एका वहीत उतरवली. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाही, दोन शब्दांत अंतरही सोडत नाहीत, तेव्हा काही नावे त्यांनी अंदाजानेच लावली असणार. १९९८ साली मी ती वही शाळेच्या संगणकावर घेतली. त्या वेळचे मराठी टंक दुसऱ्या यंत्रावर उघडले की अक्षरांच्या जागी नुसत्या किडामुंग्या दिसत. ती फ्लॉपी आज निरुपयोगी आहे. छापील प्रत तेवढी उरली. तिच्यावरून पुतण्याने सारे रोमन लिपीत भरले आणि नात्यातले दाते इंग्रजीत 'तारीख' होऊन बसले! या वेळी मी देवनागरी नावांचा आग्रह धरला आणि तो चालला. आता मोडीलासुद्धा संगणकाच्या जागतिक लिपीसंचात २०१४ पासून स्थान मिळाले आहे.

पुतण्याने तपासायला पाठवलेली यादी पाहून मात्र मी चपापलो. नव्या सेवेत प्रत्येक माणसापुढे दोन रकाने असतात, वडील आणि आई. वडिलांचा रकाना आठ पिढ्या भरलेला, आईच्या रकान्यात ओळीने 'अज्ञात, अज्ञात'. जणू आमच्या घराण्यात बापांनीच बापांना जन्म दिला! आपल्या वंशावळी लिहिल्या गेल्या वतनासाठी, वारसासाठी. याच बडोद्यात १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातून गायकवाडांच्याच एका शाखेतला मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. गादीला हवा होता बापाकडून बापाकडे जाणारा धागा. आयांची नावे त्यात कोण लिहिणार?

ती नावे सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते. वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या. ती पादऱ्याकडच्या एका गावात असते. ऐंशीला टेकली आहे, पण स्मरण लख्ख. मी यादी घेऊन गेलो. तिने चष्मा लावला आणि आजी, पणजी, खापरपणजी यांची माहेरची आडनावे, बारशाची नावे धडाधड सांगितली. मी थक्क झालो. म्हणाली, "अरे, दुपारी निवडण-टिपण करताना बायका दुसरं काय बोलतात? कोण कुठल्या घरची, हेच ना! आई सांगायची, मी ऐकायची."

मग ती यादीवरून बोट फिरवू लागली. वडिलांच्या नावाशी आली, त्याच्या खाली गेली, परत वर आली.

"माझं नाव कुठे रे?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. उत्तर होते, म्हणूनच मी गप्प बसलो. १९६८ साली आत्याने एका पाटीदार मुलाशी लग्न केले. त्या रात्री आजोबांनी वही काढली आणि तिच्या नावाची ओळ खोडली. पुढे राग निवळला. शेवटच्या आजारात आजोबा तिच्याच हातची पेज घेत. आतोबांना तर आम्ही मुले हक्काने 'फुआ' म्हणत असू. पण वही तशीच राहिली. १९९८ साली टंकलिखित करताना मी ती खोडलेली ओळ पाहिली आणि सोडून दिली. कोणी सांगितले नव्हते, मीही कोणाला विचारले नाही. त्याच श्रावणात तिने वडिलांना आणि मला, दोघांनाही राखी बांधली होती.

मी तिला सारे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बापूंनी खोडलं ते मला ठाऊक होतं. तू सोडलंस ते नव्हतं."

घरी आलो आणि माळ्यावरून वही काढली. शाळेत मी कारकुनांना नेहमी सांगतो की रजिस्टरात चूक झाली तर एकच रेघ मारा, खालचे वाचता आले पाहिजे. आजोबांनी रागाच्या भरातही तेच केले होते. एकच बारीक रेघ, आणि तिच्याखाली स्वच्छ अक्षरात आत्याचे नाव, 'कार्तिक शुद्ध १, शके १८६७'. गुजराती माणसाचे बेसतुं वरस, आपला पाडवा. रागावलेल्या बापानेही मुलीला वाचण्याजोगे ठेवले होते. ती पुसली गेली माझ्या स्वच्छ छापील प्रतीत.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिला विचारले, "आत्या, नाव कसं लिहू?" आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. आजीचे तसे बदलले, आईचेही बदलले. त्यांची दोन्ही नावे आता नोंदवली आहेत. आत्याचे मात्र बारशाचे नाव तेच राहिले, मागे 'बेन' तेवढे लागले. जिची ओळ आम्ही खोडली, ती एकटीच घरचे नाव घेऊन जगली.

जिवंत माणसांचे तपशील अशा ठिकाणी बाहेरच्यांना दाखवत नाहीत, तेही मी तिला सांगितले. ती हसली. "म्हणजे मी मेल्यावरच दिसणार! घरच्यांना तरी दिसेन ना?"

"दिसशील," मी म्हटले.

श्रावण संपायच्या आत पुतण्याने सारे नव्या जागी नेले. त्याची एक प्रत माझ्या कपाटात आहे, एक आत्याच्या नातवाकडे, आणि गुंडाळी व वही पुन्हा ट्रंकेत. ही नवी जागाही उद्या बंद होईल आणि कोणीतरी पुन्हा बिऱ्हाड हलवील, त्याची मला आता काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती हलवणाऱ्या हाताची. त्यातून काय निसटते, हे हलवणाऱ्याला त्या वेळी कळत नाही. म्हणून एवढेच सुचवतो. यंदा फराळाला जमाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ वही घेऊन बसा. आधी तिला तिचे स्वतःचे नाव विचारा, मग तिच्या आईचे.