भांडी पडली की वाजवली?

लंडनमधल्या मराठी आईबाबांच्या तोंडी एक वाक्य फार येतं: ‘शाळेत काय ऐकवतात हो हल्ली, भांडी पडल्यासारखं!’ हीच मंडळी शनिवारी पोरांना तबल्याच्या क्लासला सोडतात. तिथे मूल तासभर हातावर टाळी-खाली धरून नुसते बोल म्हणत बसलं, तरी कुणाची तक्रार नसते. एखाद्याला आधुनिक ऑर्केस्ट्रा आवडत नसेल तर त्यात काही बिघडत नाही. पण त्या संगीताकडे जायची वाट आपल्याच शनिवारच्या क्लासातून जाते आणि आपल्यालाच ती दिसत नाही, हे खटकतं.

बीबीसीने २०१४ साली प्राथमिक शाळांसाठी ‘टेन पीसेस’ हा उपक्रम काढला. पहिल्या दहा रचनांत बीथोवन आणि मोझार्ट होतेच, पण त्यांच्या पंगतीला जॉन अ‍ॅडम्सची ‘शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन’ (१९८६) होती आणि अ‍ॅना मेरेडिथने या उपक्रमासाठीच लिहिलेली ‘कनेक्ट इट’ही. ‘कनेक्ट इट’मध्ये वाद्यच नाही, मुलांचं अंग हेच वाद्य. अ‍ॅडम्सच्या चारेक मिनिटांच्या रचनेत सुरुवातीपासून एक वुडब्लॉक टकटक करत राहतो, अगदी निर्दयपणे. हा झाला ठेका. बाकीचा ऑर्केस्ट्रा त्याला कधी तीनाने कापतो, कधी भलत्याच मात्रेवर जोर देऊन हिसका देतो. गवई ठेक्याशी खेळतो तसंच हे. फरक एवढाच की इथे सम नाही, खाली-भरी नाही, नुसती उघडी मात्रा आहे. आपला कान समेची वाट पाहत राहतो, ती येत नाही, आणि आपण म्हणतो भांडी पडली! शेवटी मात्र वुडब्लॉक थांबतो, ट्रम्पेटं लांब सुरांत मोकळी सुटतात आणि इतका वेळ आपल्याला कशाने आवळून धरलं होतं ते तेव्हा कळतं. वर्गात हे समजावून सांगावं लागत नाही. अर्ध्या वर्गाने सरळ मात्रा धरावी, उरलेल्यांनी तीन-तीनचे गट करून टाळी द्यावी. दोन मिनिटांत कोणीतरी कोणाला तरी ओढून नेतं, आणि मग रेकॉर्ड लावली की मुलं त्या वुडब्लॉकवाल्याची कीव करत ऐकतात. ‘डोळे मिटा आणि काय दिसतं त्याचं चित्र काढा’ या छापाच्या तासाला घोडे आणि वादळं निघतात, संगीत तिथल्या तिथेच राहतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: आधी पाया, मग प्रयोग, मोझार्ट न कळणाऱ्याला अ‍ॅडम्स काय कळणार? पण संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस १९५९ ते १९६२ या काळात सायरनसेस्टरच्या ग्रामर स्कूलमध्ये संगीतशिक्षक होते, आणि ‘ओ मॅग्नम मिस्टेरियम’सारखी त्या काळी ताजी असलेली रचना त्यांनी तिथल्या मुलांसाठीच लिहिली. संगीत ‘कसं असायला हवं’ याची सवय मुलांच्या कानाला अजून जडलेली नसते. ती अडचण आपली. दुसरा आक्षेप जड आहे. टाळ्या वाजवून लय कळेल, पण स्वररंगाचं काय? बासरी आणि क्लॅरिनेट एकत्र वाजल्यावर निघणारा तिसराच आवाज टाळीतून कळत नाही. कबूल. त्यासाठी वाद्यं समोर हवीत, आणि वाद्यं शिकवायला पैसे लागतात. माध्यमिक शाळांना जोखण्यासाठी २०१० मध्ये ठरवलेल्या ‘इंग्लिश बॅकलॉरिएट’ या मापदंडाच्या विषयांत संगीत नव्हतं, तेव्हा मुख्याध्यापक पैसे कुठे घालणार हे सांगायला नको.

म्हणून मुलांना निदान प्रॉम्सला, बीबीसीच्या संगीतमहोत्सवाला, तरी न्या. जुलै ते सप्टेंबर, रॉयल अल्बर्ट हॉल. दर मोसमात नव्या रचना असतातच. त्याच दिवशी काढायची उभ्याची तिकिटं दहा पौंडांच्या आत मिळतात. फक्त लहान मूल बरोबर असेल तर खालच्या अरीनात उभे राहू नका, त्याला समोरच्यांच्या पाठी दिसतील. सरळ वरची गॅलरी गाठा. चढ बराच आहे, पाण्याची बाटली असू द्या, पण कठड्याशी उभं राहिलं की सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा खाली पसरलेला दिसतो, मागच्या रांगेतले तालवाद्यवालेही. मुलाला त्यांच्यातला एकच माणूस नेमून द्या. तो बराच वेळ काहीही न वाजवता, ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत उभा असतो. तो काठी कधी उचलेल, ते मुलाने आधी सांगायचं.