मोबाइल अडला तर आधी लाईट बघा



या पानावर मी एरवी ऊस, सोयाबीन, घास, पाण्याच्या पाळ्या असलं लिहीत असतो. आज मोबाइलवर लिहितोय. कारण सरळ आहे. मोबाइल आता शेतीचं अवजार झालाय. खुरपं बोथट झालं तर आपण धार लावून आणतो, पण मोबाइल अडला की पोराची वाट बघत बसतो. पोरगं नोकरीला पुण्याला. ते येणार शनिवारी, आणि मुदत संपणार शुक्रवारी.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी आपल्या शेतात काय उभं आहे ते तलाठी लिहायचे. आता ते आपण लिहायचं, शेतात उभं राहून, फोटो काढून. सातबाऱ्यातला जो बारा नंबरचा नमुना आहे तो पिकाचा. तिथं पीक चढलं नाही तर कागदावर रान पडीक. मग पीक कर्ज, विमा, नुकसानीचा पंचनामा, हमीभावाच्या केंद्रावरची नोंदणी, सगळीकडं अडतं. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारात भाव त्याहून बराच खाली. म्हणजे एक फोटो चढला नाही तर क्विंटलमागं किती गेले याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून म्हणतो, हे पोरांचं काम नाही, आपलं आहे.

माझं शिक्षण दहावी. कॉम्प्युटरचा क्लास केलेला नाही. पण विहिरीवरची मोटार तीस वर्षं सांभाळलीय, आणि तीच अक्कल इथं कामाला येते.

मोटार चालू होईना तर आपण लगेच ती विहिरीतून वर काढतो का? नाही. आधी लाईट आहे का बघतो. मग तिन्ही फेज आहेत का. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार उचलतेय पण पाणी येत नाही तर फूट व्हॉल्व्ह. सोप्याकडून अवघडाकडं जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चार गोष्टी एकदम हलवल्या तर दोष कशात होता ते कळतच नाही. मोबाइलचं शंभर टक्के असंच आहे.

पहिलं, लाईट म्हणजे नेटवर्क. वरच्या पट्टीत दांड्या दिसतात का, रिचार्ज संपलाय का, नेट चालू आहे का. दांड्या आहेत पण काही हलत नाही, तर विमानाचं चित्र असलेलं बटण दाबा, दहापर्यंत आकडे मोजा, परत बंद करा. फोन टॉवरला नव्यानं जोडला जातो. त्यानंही नाही झालं तर फोन बंद करून चालू करा. लोक हसतात, पण निम्मे दुखणे इथंच बरे होतात.

दुसरं, ओटीपी. तो मेसेजनं येतो, त्याला नेट लागत नाही, नुसती रेंज लागते. आला नाही म्हणून लोक दर दहा सेकंदाला ‘पुन्हा पाठवा’ दाबतात. मग तीन ओटीपी एकदम येतात आणि माणूस पहिला टाकतो. बहुतेक ठिकाणी नवा मागितला की जुना रद्द होतो. एकदा मागवा, दोन-तीन मिनिटं थांबा, आणि शेवटी आलेला टाका. तरी नाही आला तर मेसेजमधला ‘स्पॅम’चा कप्पा उघडून बघा.

तिसरं, जागा. फोन भरलेला असला तर ॲप नवं होत नाही, फोटो साठत नाही, मधेच बंद पडतं. आपल्या फोनमध्ये काय भरलेलं असतं? गुड मॉर्निंग, लग्नाचे व्हिडिओ, आणि तेच व्हिडिओ सहा ग्रुपवरून. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करता येतं. ते एकदा करा, वर्षभर त्रास कमी.

चौथं, तारीख. हे फार कमी लोक बघतात. बॅटरी पूर्ण उतरली किंवा पोरानं गेम खेळताना काही दाबलं की फोनची तारीख-वेळ चुकते. मग सरकारी वेबसाइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं लाल अक्षरात येतं. साइट बिघडलेली नसते. प्रत्येक साइटजवळ ती खरी असल्याचा एक दाखला असतो आणि त्यावर औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते. तुमच्या फोनमध्ये चुकीचं साल असेल तर फोनला तो दाखला मुदतबाह्य वाटतो. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा, प्रश्न मिटला. तारीख बरोबर असूनही तसं येत असेल तर मात्र पुढं जाऊ नका, तिथं काही भरू नका.

पाचवं, लोकेशन. पाहणीच्या वेळी सगळ्यात जास्त डोकं खातं ते हेच. शेतात उभं असून फोन म्हणतो तुम्ही गटापासून लांब आहात. आता हे कसं चालतं ते समजून घ्या. फोन आकाशातल्या उपग्रहांचं ऐकतो. आपण नेमके कुठं आहोत हे कळायला कमीत कमी चार उपग्रह ‘ऐकू’ यावे लागतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, पण नेट असलं तर उपग्रह लवकर सापडतात. नेट नसलं तर पहिल्यांदा मिनिट-दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. पत्र्याच्या शेडखाली, दाट आंब्याखाली, वाढलेल्या उसात आवाज नीट येत नाही. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन चार-पाच मीटरच्या फरकानं जागा सांगतो, उसाच्या सरीत शिरल्यावर तो फरक कितीतरी वाढतो.

म्हणून बांधावर मोकळ्यात या. लोकेशन चालू करा, ॲपला त्याची परवानगी दिलीय का बघा, आणि त्यात ‘अचूक’ असं वेगळं बटण असतं तेही चालू पाहिजे. मग नकाशाचं ॲप उघडा. निळा ठिपका आपल्या रानात येऊन स्थिर झाला की मग पाहणीचं ॲप उघडा. ठिपका प्रवरेच्या पलीकडं फिरत असेल तोवर फोटो काढण्यात अर्थ नाही.

आणि एक जपायची गोष्ट. फोटो काढला पण माहिती वर चढली नाही, अशा वेळी ॲप काढून परत टाकू नका. फोनमध्ये अडकलेली नोंद त्याच्याबरोबर जाऊ शकते. आधी रेंजमध्ये या, चढवा, मग काय ते करा. चढली का याची खात्री ॲपमधल्या गावच्या यादीत करा. नोंद झालेल्या खातेदाराचं नाव तिथं हिरवं दिसतं. थोड्या दिवसांनी सातबारा काढून पीक चढलं का तेही बघा.

इथवर सगळं आपल्या हातातलं. आता जे आपल्या हातातलं नाही त्याबद्दल.

आमच्या शेजारच्या अक्का. वय सत्तरीच्या आसपास, मालक दोन वर्षांपूर्वी गेले. जमीन पहिल्यापासून अक्कांच्या नावावर. पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे हप्ते नियमानं यायचे, ते थांबले. दोघा-तिघांनी फोन बघून दिला. एक म्हणाला फोन जुना आहे, दुसरा म्हणाला नवीन घ्या. अक्का मला म्हणाल्या, “भाऊ, मला काई येत नाई, म्हणून बंद झालं आसंल.”

मी मोटारीसारखं बघत गेलो. फोन ठणठणीत होता. हप्ता थांबला होता ई-केवायसीवाचून. ई-केवायसीचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि अक्कांच्या आधारला नंबर होता मालकांचा. मालक गेल्यावर ते सिम कुणी रिचार्ज केलं नाही. नव्वद दिवस सिम वापरलंच नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढं काही काळानं तो दुसऱ्याला मिळतो. मी तो नंबर लावून पाहिला. परक्या जिल्ह्यातल्या माणसानं उचलला. भला माणूस होता, म्हणाला, “तुमचे मेसेज येतात मला कधी कधी, कुणाचे ते कळत नव्हतं.”

अक्का तिथंच बसल्या होत्या. मालकांच्या नंबरावर दुसऱ्याचा आवाज ऐकून त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मीही बोललो नाही. पण माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्या कारणानं. बँकेच्या खात्यालाही तोच नंबर होता. ह्या बाईच्या पैशाचा निरोप परक्या खिशात पडत होता. माणूस भला निघाला म्हणून बरं.

बोटांचे ठसे देऊन ई-केवायसी करायचं ठरवलं. सेवा केंद्रात मशीन ठसे घेईना. आयुष्यभर खुरपलेल्या, घास कापलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठं? पण जून २०२३ पासून पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करायची सोय आहे. ज्याचं स्वतःचं झालंय तो शेजाऱ्याचंही करून देऊ शकतो. ओट्यावर उजेडात बसवून, पदर जरा मागं घ्यायला सांगून माझ्या फोनवर अक्कांचा चेहरा दाखवला. फोननं डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, तेव्हा अक्का हसल्या. दुसऱ्या खेपेला झालं.

मग आधार केंद्रात जाऊन अक्कांचा स्वतःचा नंबर जोडून घेतला. त्याला कागदपत्र लागत नाही, थोडी फी लागते. बँकेत वेगळा अर्ज दिला, कारण आधारला नंबर बदलला म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही. ही दोन वेगळी दप्तरं आहेत. पुढच्या वेळी हप्ता जमा झाला.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे अक्कांचं ते एक वाक्य. “मला काई येत नाई म्हणून बंद झालं आसंल.” आपल्यात हे फार आहे. मशीन अडलं की आपणच अडाणी. अहो, अक्कांना न येण्याशी याचा काही संबंध नव्हता. दोष नंबरात होता, आणि तो सापडायला इंग्रजी लागलं नाही, क्रमानं बघणं लागलं.

दोष तीन ठिकाणी असतो. एक, आपल्या फोनमध्ये, तो वर सांगितला. दोन, आपल्या कागदात. नंबर जुना, आधारवर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, वाटण्या झाल्या पण पोटहिस्सा नकाशावर नाही. हे फोन कितीही पुसला तरी सुधारत नाही, त्याला आधार केंद्र, बँक, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा भूमी अभिलेख, जिथला दोष तिथंच जावं लागतं. आणि तीन, पलीकडच्या यंत्रणेत. शेवटच्या दोन दिवसांत सगळा महाराष्ट्र एकाच दारातून आत जायला बघतो, तेव्हा दार अडणारच. त्याला उपाय म्हणजे पहिल्या पंधरवड्यात काम उरकायचं, नाहीतर पहाटे पाचला उठून करायचं. आपण तसंही उठतोच. तरी नाही झालं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्यात तारीख-वेळ दिसते. दोष कुठला ते कळलं की निम्मी चिंता जाते, आणि नवा फोन घ्यायचे दहा-बारा हजारही वाचतात.

आता एक धोक्याचं. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची फाईल येते, शेवटी एपीके लिहिलेलं असतं. गावाच्या ग्रुपवर आली, ओळखीच्या माणसाच्या नावानं आली तरी दाबू नका. ती टाकली की फोनमधले मेसेज, ओटीपी परक्याला दिसायला लागतात. ओळखीच्याचाच फोन आधी फसलेला असतो आणि तिथून ती पुढं जाते. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच. पैसे गेलेच तर रडत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटचं. एक दोनशे पानी वही घ्या. त्यात लिहा: गट नंबर, खाते नंबर, कुठल्या कामाला कुठला मोबाइल नंबर दिलाय, पाहणी कोणत्या तारखेला केली. पासवर्ड आणि बँकेचे पिन मात्र त्यात लिहू नका. वही घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा, कारभारणीला आधी दाखवा. अक्कांच्या घरी सगळं मालकांच्या डोक्यात होतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला कुठला नंबर आहे ते आज संध्याकाळी एकदा बघाच. बंद सिमचा निघाला तर हप्त्याची वाट न बघता बदलून घ्या. काही अडलं तर खाली लिहा, फोनच्या पडद्यावर जे अक्षर येतं ते जसंच्या तसं लिहा. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं तर मलाही काही कळत नाही.

पुढच्या वेळी परत उसावर. खोडव्याची पाचट जाळू नका, त्यावर बोलू.