मुरदोलीच्या रस्त्यावरचा पिवळा दिवा

बकरी ईद होऊन दहा-बारा दिवस झाले होते. अर्जुनी मोरगावच्या खालाजानची तब्येत फार बिघडल्याचा फोन फजरनंतर आला. "आज पोहोचायचंच," एवढेच अम्मी म्हणाल्या आणि नाश्ता न करताच बुरखा घालून बसल्या. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी सकाळची रेल्वे निघून गेली होती, म्हणून आम्ही आमची जुनी पेट्रोल कार काढली.

गोरेगाव मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या होत्या. कुठे चिखलणी चाललेली, कुठे बायका पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन रोवणीला वाकलेल्या. मग धान संपते आणि जंगल सुरू होते. नागझिरा आणि नवेगावची जंगले जोडणारा हाच पट्टा. २०१३ मध्ये ती मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, पण गोंदिया-कोहमारा रस्ता मधूनच जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथेच एका कारच्या धडकेने वाघ मेला. तेव्हापासून या टप्प्यात आम्ही वेग कमीच ठेवतो.

आता आमची चूक सांगून टाकतो. ईदच्या आधी गाडी धुवायला दिली तेव्हा इंजिनवरही पाण्याचा फवारा मारायला आम्हीच सांगितले होते. दोन दिवसांनी समोरच्या काट्यांमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती. पगार झाला की दाखवू, असे म्हणून आम्ही त्या दिव्याची सवय करून घेतली.

मुरदोलीच्या अलीकडे चढावर तोच दिवा उघडझाप करू लागला. गाडी हादरत होती, ओढत नव्हती. मुले गप्प झाली. अम्मी म्हणाल्या, "थांबू नकोस, बेटा." आमच्यापुढे दोनच वाटा होत्या: तशीच रेटायची, किंवा जंगलात थांबायचे. आम्ही पाय हलका केला, एसी बंद केला आणि हळूहळू गावाजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत येऊन इंजिन बंद केले.

टपरीवाल्याने कोहमाऱ्याच्या एका मिस्त्रीला फोन लावून दिला. तेवढ्यात अर्जुनीकडे जाणारी एसटी आली. अम्मी आणि घरची मंडळी तिच्यात बसली. आम्ही आणि थोरला मुलगा मागे राहिलो. त्या दिवशीचा आमचा एवढाच निर्णय बरोबर होता.

मिस्त्री दुचाकीवर आला. पहिलाच प्रश्न, "सर, बत्ती सतत होती का झपकत होती?" दोन्ही सांगितले. "मग काहून चालवली इतकी?" आम्ही वर्गात मुलांना विचारतो तसेच त्याने विचारले आणि आम्हीही मुलांसारखेच खाली पाहिले.

दिवा सतत पेटलेला असेल तर बिघाड आहे, लवकर दाखवा, असा अर्थ. झपकू लागला तर इंजिन मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही. ते न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा. ती जाळी वितळली की हजारोंचा भुर्दंड. शिवाय खालचा भाग लालबुंद तापतो. "उन्हाळ्यात वाळल्या पानांवर अशी गाडी उभी कराल तर जंगल पेटेल," तो म्हणाला.

स्टेअरिंगखालच्या खाचेत त्याने छोटा स्कॅनर लावला. आपल्याकडे २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत ही सोय आहे. अमेरिकेत ती १९९६ पासून सक्तीची. पडद्यावर आले: पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसऱ्यात मिसिंग. आम्हाला वाटले, आता तो पार्टची यादी सांगेल. त्याने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल उपसून तिसऱ्यावर बसवली आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी थोडी चालू केली. आता पी ०३०३ आले. कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉइलच. तसेच मिसिंग दुसऱ्यातच राहिले असते तर प्लगकडे बघितले असते, असे तो म्हणाला. इतकी साधी, इतकी पक्की परीक्षा आम्ही बीएडलाही शिकलो नव्हतो.

कॉइलखालचे रबर फाटले होते आणि प्लगच्या खड्ड्यात धुण्याचे पाणी अजून साचलेले होते. ठिणगी प्लगपर्यंत न जाता ओलीतूनच बाजूला उतरत होती. खड्डा कापडाने टिपून, हवा मारून कोरडा केला. नवी कॉइल साकोलीहून येईपर्यंत दोन तास गेले. मुलाने रस्त्यापलीकडे चितळांचा कळप मोजला. आम्ही टपरीमागे जोहर पढलो.

कॉइल बसली, कोड पुसला, मिस्त्री स्वतः शेजारी बसून कोहमाऱ्यापर्यंत आला. दिवा परत लागला नाही. कन्व्हर्टर वाचला असावा, पण महिनाभराने स्कॅन करून घ्या, म्हणाला. कॉइलचे पैसे पावतीप्रमाणे, मेहनतीचे तीनशे. जास्त द्यायला गेलो तर हात मागे घेतला.

अर्जुनीला पोहोचलो तेव्हा असरची अजान होत होती. खालाजानला नुकताच डोळा लागला होता. त्यांच्या उशाशी बसलेल्या अम्मींच्या हातात त्यांचा हात तसाच होता. "दोन तास बोलली माझ्याशी," अम्मी हळूच म्हणाल्या. मग आमच्या तेलकट बोटांकडे पाहून विचारले, "बत्ती गेली का?"