शेपटीला धरू नये

"काऊन रे बाप्पा, तू उंदरायले कॅन्सर देऊन रायला म्हने?" मूर्तिजापूरकडच्या एका लग्नात, पंगत बसायच्या आधीच, मामांनी विचारलं. आजूबाजूचे हसले. अकोल्याला पशुवैद्यक शिकलो तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे बैल, म्हशी, फार तर शेळ्या होत्या. मी झालो वीस-पंचवीस ग्रॅमच्या जनावरांचा डॉक्टर, आणि तोही त्यांना बरं न करणारा. त्यातून हा मुलूख गाडगेबाबांचा. दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत वाढलेल्या या माणसाने देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका म्हणून गावोगाव कीर्तनं केली. आज त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे रुग्ण उतरतात. आमच्या अमरावती-अकोल्याचे लोकही रात्रीच्या गाडीने फाईल घेऊन मुंबईला जातात. जनावर मारू नका म्हणणारे बाबा आणि रोग्यांना आसरा देणारे बाबा एकच. माझं काम या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतं, म्हणून मामांना झटकन उत्तर देता आलं नाही.

आम्ही पाहतो तो टी पेशींचा ल्युकेमिया. या पेशींचं मूळ अस्थिमज्जेत, पण त्या घडतात थायमसमध्ये. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर असलेली पांढुरकी, दोन पाळ्यांची ग्रंथी. इथे टी पेशी व्हायचं हा हुकूम नॉच नावाच्या जनुकाकडून येतो. वॉरन पिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत चालू राहणारं नॉच मज्जेच्या पेशींत घालून ती मज्जा उंदरांना दिली. त्यांना ल्युकेमिया झाला तो टी पेशींचाच. हे १९९६ सालचं. २००४ मध्ये माणसांच्या टी पेशींच्या ल्युकेमियाचे नमुने तपासले, तर निम्म्याहून अधिकांत नॉच-१ बिघडलेलं निघालं. गाठींना आवर घालणारं पी-५३ हे जनुक काढून टाकलेले उंदीर मला याहून गूढ वाटतात. जनुक अंगातल्या प्रत्येक पेशीतून गेलेलं असतं, तरी गाठ सर्वांत जास्त वेळा थायमसमध्येच येते, आणि तीही बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत.

जनुक बदललं म्हणून पिल्लू आजारी जन्मत नाही. कानाचा टिपका घेऊन पीसीआर केल्यावरच कळतं की कोणात बदल आहे आणि कोणात नाही. दिसायला सगळी भावंडं सारखी. मग वाट पाहायची, आणि खरं कसब इथेच लागतं. उंदीर हे शिकार होणारं जनावर, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. पिंजऱ्याला हात लागला, उजेड पडला, की आजारी उंदीरसुद्धा सावरून उभा राहतो. म्हणून हात लावण्याआधी बाहेरूनच बघायचं. मी सर्वांत आधी घरटं बघतो. कागदाच्या पट्ट्या दिल्या की निरोगी उंदीर रात्रीतून गोल, खोल घरटं करतो. सकाळी पट्ट्या तशाच पसरलेल्या दिसल्या की पुढचं बघायला बसायचं: केस फुलारलेले आहेत का, पाठ कमानदार झाली आहे का, पंजे फिके पडलेत का. शेवटी श्वास. थायमस फुगून श्वासनळीवर दाब आला की कुशी ओढल्यासारख्या हलतात. त्या अवस्थेपर्यंत कोणालाही पोचू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वजन किती घटलं, श्वास कसा झाला की थांबायचं, हे प्रयोगाआधीच प्राणी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. कायदा १९६० चा, प्रयोगांविषयीचे नियम १९९८ चे. दयेचा भाग सोडला तरी, रात्री मरून सकाळी सापडलेल्या उंदराच्या पेशी कुजू लागलेल्या असतात आणि त्यातून काही वाचता येत नाही.

उघडल्यावर मात्र शंका राहत नाही. निरोगी उंदराची प्लीहा साधारण शंभर मिलिग्रॅमची. ती पाच-दहा पट झालेली असते, आणि छातीत थायमसच्या जागी हृदय झाकणारा पांढरा गोळा. माणसाच्या मुलातही हा रोग बऱ्याचदा छातीतच गाठ करतो. मुलग्यांमध्ये तो जास्त. खोकला, धाप, आणि आडवं झोपवत नाही म्हणून आईच्या खांद्याशी बसून काढलेल्या रात्री.

आता शेपटीचं. पूर्वी उंदीर उचलायचा म्हणजे शेपटीला धरून, असंच शिकवत. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की तसं धरलेले उंदीर भेदरलेले राहतात. नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले माणसाजवळ आपणहून येतात. नवे विद्यार्थी याला लाड म्हणतात. पण हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्येच नोंदवलं होतं की सतत छळलेल्या उंदरांचा थायमस आखडतो. ताणाने अंगात जी स्टेरॉइड संप्रेरकं वाढतात, ती कोवळ्या टी पेशींना मारतात. तुलनेसाठी ठेवलेला निरोगी उंदीरच रोज भेदरत असेल, तर त्याच्या थायमसचं वजन कशाला लावायचं? हात मऊ असणं हा इथे स्वभावाचा नव्हे, मोजमापाचा भाग आहे. बुजरी गाय धारेला बसताच दूध चोरते, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही.

हीच गोष्ट औषधही झाली. हाइलमन आणि केंडल यांनी १९४४ मध्ये कॉर्टिसोन देऊन उंदरांमधल्या लसीका पेशींच्या गाठी विरताना पाहिल्या. त्या पुढे परत आल्या, हेही पाहिलं. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगचं रक्तद्रव टोचलं की उंदराचा लिम्फोमा विरतो. त्यातला गुण अ‍ॅस्परॅजिनेजचा, हे १९६१ मध्ये ब्रूम यांनी ओळखलं. आज मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर स्टेरॉइड आणि अ‍ॅस्परॅजिनेज ही दोन्ही औषधं इतरांच्या जोडीने जगभर देतात. थायमस कशासाठी असतो हेसुद्धा उंदरांच्या ल्युकेमियाचा अभ्यास करता करता जॅक मिलर यांना १९६१ मध्ये कळलं. तोवर वैद्यकाने त्या ग्रंथीला निरुपयोगी ठरवलं होतं. आपल्याकडे कमल रणदिवे यांनी परळच्या संशोधन केंद्रात उंदरांवर कॅन्सरचा अभ्यास केला, देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आमच्या धंद्याचं मराठी मूळ तिथे आहे. मामांना मी एवढं सांगितलं. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. त्यांनी जिलबी वाढायला लावली.

उंदराचं सगळं माणसाला लागू होत नाही, हे खरं. नॉच रोखणाऱ्या औषधांनी प्रयोगशाळेत आशा लावली, पण माणसांत आतड्यांचे हाल झाले. स्टेरॉइडची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे, आणि म्हणून गावाकडच्या आईबापांना आणि तिथल्या डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. मुलाचा ताप हटत नसेल, ओठ पांढुरके पडले असतील, अंगावर लाल-निळे ठिपके किंवा मानेत गाठी असतील, आडवं होताच धाप लागत असेल, तर दमा समजून स्टेरॉइडची सुई किंवा गोळी लगेच देऊ नका. जीवावर बेतलेल्या धापेत काय द्यायचं ते समोरचा डॉक्टर ठरवील. एरवी आधी सीबीसी करा, रक्ताची पट्टी नजरेखालून घाला, छातीचा एक्स-रे काढा. स्टेरॉइडने गाठ चार दिवस विरते, घरचे निवांत होतात, रोग झाकला जातो आणि तो परत दिसेपर्यंत निदानाला उशीर झालेला असतो. सीबीसी आता तालुक्याच्या गावातही होते.