केमचे कुंकू आणि बरवे यांची स्वप्नचित्रे

सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी कुर्डुवाडी मागे टाकते आणि थोड्याच वेळात केम येते. करमाळा तालुक्यातील हे गाव उत्तरेश्वराच्या देवळासाठी आणि त्याहून अधिक कुंकवासाठी ओळखले जाते. पारंपरिक कुंकवाचा जन्मच नवलाचा: हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की पिवळ्याचे लाल होते. घरच्या करंड्यात जे चिमूटभर असते, ते येथे पोत्यापोत्यांनी भरले जाते. कपाळ आणि देव्हारा यांपासून सुटलेला तो लाल रंग पाहणाऱ्याला क्षणभर अनोळखी वाटतो.

ओळखीच्या वस्तूचे हे अनोळखी होणे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांचा प्राण आहे. रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेल्या आणि जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या चित्रकाराने वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रातही काही वर्षे काम केले. तेथे तंत्रमार्गातील आकृत्यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. पुढे मात्र पान, शंख, घड्याळ, फळ अशा साध्याच वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर मोकळ्या अवकाशात तरंगू लागल्या. रंगही पुष्कळदा इनॅमलचा, दारे-खिडक्यांना देतात तोच.

केमवरून जाणारा हाच लोहमार्ग मुंबईला पोहोचतो. तेथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली बरवे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. उद्घाटनाच्या वेळी अमोल पालेकर यांना भाषण करताना अडविले गेले आणि चर्चा त्याचीच अधिक झाली. ती व्हायलाच हवी होती; पण चित्रे मागे पडली, हेही खरे.

अशा चित्रांपुढे सामान्य प्रेक्षक पहिल्यांदा अर्थ विचारतो, आणि तो मिळाला नाही की हे आपल्यासाठी नव्हे म्हणून बाहेर पडतो. जैन वाचकाला तर स्वप्नचित्रे लहानपणापासून परिचित. त्रिशलामातेची सोळा स्वप्ने, श्वेतांबर परंपरेत चौदा, मंदिराच्या भिंतीवर रंगविलेली असतात. गज, वृषभ, सिंह, पुष्पमाला. प्रत्येकाचे फल सांगितलेले. बरवे यांच्या घड्याळाला किंवा पानाला असे ठरलेले फल नाही. तेथे वस्तूचा उपयोग विसरून तिचा आकार, तिची सावली, शेजारच्या वस्तूपासूनचे अंतर पाहत उभे राहावे लागते. केमच्या पोत्यातले कुंकू ज्याने थांबून पाहिले आहे, त्याला हे अवघड जाऊ नये. शिवाय आपल्या चित्रविचाराची वाट बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मराठीतच लिहून ठेवली आहे. केम ते मुंबई या प्रवासात त्याची बरीच पाने वाचून होतात.