इंजिनाचे कवच

काही वस्तूंची नावे मोठी प्रामाणिक असतात. 'इंजिन गार्ड' हे त्यांपैकीच एक. मात्र ते नीट वाचण्यासाठी मला चार दुकाने आणि एक जुना अहवाल पालथा घालावा लागला.

औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आमच्या दादाने कर्ज काढून रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० घेतली. ही गाडी बाजारात आली २०२० साली, पण तोंडवळा जुन्या जमान्याचा! गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी आणि पाय पुढे टाकून ऐसपैस बसायची सोय. वजन १९१ किलो. याआधी आमच्या घरातले वाहन म्हणजे अण्णांची सायकल. गार्ड बसवायचे ठरले तेव्हा दादा म्हणाला, "घरात कॉलेजात जाणारी तू एकटी. तूच वाचून सांग." मराठी आणि इतिहास शिकणाऱ्या मुलीपुढे लोखंडाचा पेपर आला.

मी वही घेऊन दादाबरोबर निघाले. स्टेनलेस स्टीलचा गार्ड चकचकीत, सहसा न गंजणारा, पण महाग. साध्या पोलादी नळीचा, काळ्या पावडर कोटिंगचा स्वस्त. मात्र रंगाचा टवका उडाला की पावसाळ्यात गंज धरणार. जितकी नळी जाड तितका गार्ड चांगला, अशी आमची समजूत. ती एका मेस्त्रीने काढून टाकली. गार्ड शेवटी चॅसिसलाच बोल्टने जखडलेला असतो. तो मुळीच वाकला नाही, तर जोराचा दणका थेट चॅसिसला बसतो. गार्ड नवा आणता येतो. चॅसिसचे काम परवडत नाही. शिवाय गार्ड फार रुंद असला तर वळणावर गाडी झुकताच रस्त्याला घासायचा, आणि आमच्या बोळातून गाडी आत यायची नाही ती वेगळीच. ऑइल बदलताना दर वेळी गार्ड उतरवावा लागू नये, हेही वहीत टिपले.

अण्णांचा प्रश्न मात्र एकच होता : "यानं पोराचा पाय वाचंल का?"

"वाचणारच की!" दुकानदार म्हणाला. त्या 'की'ने माझे समाधान होईना. शोधता शोधता एक अमेरिकन अहवाल हाती लागला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरात मोटारसायकलींच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल निघाला १९८१ साली. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो दोन रात्री वाचला. गार्डमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या इजा कमी होतात. पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. हिशेब बरोबरीत सुटतो! हेल्मेटमुळे डोक्याच्या इजा कमी होतात, हे मात्र अहवाल निःसंदिग्धपणे सांगतो.

हे सारे मी अण्णांना आमच्या भाषेत सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे ते इंजिनासाठी हाय, माणसासाठी न्हवं." अहवालाचा याहून नेटका सारांश मला कोठल्याही परीक्षेत लिहिता आला नसता.

मग निवड सोपी झाली. उभी गाडी कलंडली किंवा चिखलात घसरली, तर इंजिन वाचावे एवढेच गार्डचे काम. त्याला साधा, काळा, अरुंद गार्ड पुरे. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून आय.एस.आय. शिक्क्याची दोन हेल्मेटे आणली. एक दादाला, एक मागे बसणाऱ्याला.

शिकणाऱ्या मुलांकडून घर नोकरीची अपेक्षा करते, आणि त्यात गैर काही नाही. पण 'वाचणारच की' आणि तपासून लिहिलेले वाक्य, यांतला फरक घराला सांगता येणे, हीदेखील एक कमाईच नव्हे काय?

दादाला चकचकीत गार्ड हवा होता. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता रात्रपाळीला निघताना तो हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली 'टक्' असा लावतो. तो आवाज ऐकल्यावाचून अण्णा कूस बदलत नाहीत.